लिटल लीग बेसबॉलमधील वांशिक एकीकरण : चार्ल्सटन (१९५५) येथील घटनेचा अभ्यास

सारांश

अमेरिकेतील वांशिक पृथक्करणाच्या इतिहासात शाळा, बसगाड्या आणि उपाहारगृहे यांची चर्चा विपुल प्रमाणात झाली आहे. त्या मानाने वस्तीपातळीवरील मुलांच्या क्रीडास्पर्धांकडे अभ्यासकांचे लक्ष उशिरा गेले. प्रस्तुत लेखात साऊथ कॅरोलायना राज्यातील चार्ल्सटन शहरातील कॅनन स्ट्रीट वायएमसीएच्या कृष्णवर्णीय बालसंघाबाबत १९५५ साली घडलेल्या घटनेचा आढावा घेण्यात आला आहे. त्याच वर्षी फ्लोरिडा राज्यात घडलेल्या वेगळ्या घटनेशी तिची तुलनाही केली आहे. एकीकरणाच्या तीन पायऱ्या असतात : संस्थेत प्रवेश, मैदानावर प्रत्यक्ष सामना आणि एकाच संघातील सहभाग. भेदभावास मनाई करणारा नियम यांपैकी केवळ पहिल्या पायरीची हमी देऊ शकतो, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : वांशिक पृथक्करण, वांशिक एकीकरण, लिटल लीग, सामुदायिक क्रीडा, माघार.

१. प्रस्तावना

१५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू ब्रुकलिन डॉजर्स संघाकडून मैदानात उतरला आणि अमेरिकेच्या व्यावसायिक बेसबॉलमधील वर्णभेदाची भिंत कोसळण्यास प्रारंभ झाला. ही घटना सर्वपरिचित आहे. परंतु व्यावसायिक संघात एका असामान्य खेळाडूस स्थान मिळणे आणि गावोगावच्या मैदानांवर सामान्य मुलांनी एकत्र खेळणे, या दोन गोष्टींत मूलभूत फरक आहे. व्यावसायिक संघमालकास गुणवान खेळाडू हवा असतो, प्रेक्षक हवे असतात, विजय हवा असतो. त्यामुळे त्याचे आर्थिक हित काही प्रमाणात एकीकरणास अनुकूल ठरते. वस्तीतील मुलांच्या लीगमध्ये असे कोणतेही आर्थिक हित नसते. तेथे पालक, शेजारी, स्थानिक दुकानदार आणि स्वयंसेवक यांच्या इच्छेवरच सर्व कारभार चालतो. म्हणूनच समाजाची खरी मनोभूमिका या पातळीवर अधिक स्पष्टपणे दिसते.

२. लिटल लीगची रचना

लिटल लीगची स्थापना कार्ल स्टॉट्झ यांनी १९३९ साली पेन्सिल्वेनिया राज्यातील विल्यम्सपोर्ट येथे केली. पहिल्या हंगामात तिच्यात केवळ तीन संघ होते. प्रौढांच्या बेसबॉलमध्ये दोन बेसमधील अंतर ९० फूट असते. मुलांसाठी ते ६० फुटांवर आणण्यात आले, तर सामन्यातील डाव नऊवरून सहावर आले. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी असलेला हा खेळ दुसऱ्या महायुद्धानंतर झपाट्याने देशभर पसरला. १९४७ पासून विल्यम्सपोर्ट येथे अंतिम स्पर्धा भरू लागली.

संघटनेची रचना पुढील चर्चेच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. प्रत्येक स्थानिक लीगला मध्यवर्ती संस्थेकडून सनद मिळते. लीगची भौगोलिक हद्द ठरलेली असते आणि त्या हद्दीतील मुलांमधूनच संघ बनतात. स्थानिक हंगाम संपल्यावर लीगमधील निवडक मुलांचा एक संघ तयार होतो. हा संघ शहर वा जिल्हा, राज्य आणि विभाग अशा क्रमाने विजय मिळवीत अखेरीस विल्यम्सपोर्टला पोहोचतो. याचा अर्थ असा, की स्थानिक हंगामात मुले आपल्याच वस्तीतील मुलांशी खेळतात, परंतु हंगामाअखेरच्या स्पर्धेत त्यांना वस्तीबाहेर पडावेच लागते. ज्या शहरात वस्त्याच वर्णानुसार विभागलेल्या होत्या, तेथे हंगामभर न उद्भवणारा प्रश्न या टप्प्यावर अटळपणे उभा राहत असे.

३. चार्ल्सटनमधील पार्श्वभूमी

१८९६ च्या प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन निकालाने ‘वेगळे परंतु समान’ या तत्त्वास न्यायालयीन मान्यता दिली होती. त्याआधारे दक्षिणेतील राज्यांत शाळा, उद्याने, दवाखाने आणि क्रीडांगणे वेगळी ठेवली जात. ती समान मात्र क्वचितच असत. १७ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ब्राऊन खटल्यात शालेय शिक्षणापुरते हे तत्त्व रद्द केले. या खटल्यात एकत्र केलेल्या पाच प्रकरणांपैकी ‘ब्रिग्ज विरुद्ध इलियट’ हे प्रकरण साऊथ कॅरोलायनातील क्लॅरेंडन परगण्यातून आले होते. चार्ल्सटनचेच रहिवासी असलेले न्यायाधीश वेटीज वेअरिंग यांनी १९५१ साली याच प्रकरणातील भिन्नमतपत्रात पृथक्करण हीच विषमता होय, अशी भूमिका घेतली होती. त्याची किंमत म्हणून त्यांना आपल्याच शहरात सामाजिक बहिष्कार सोसावा लागला.

ब्राऊन निकालानंतर साऊथ कॅरोलायनाच्या राज्यकर्त्यांनी अवलंबिलेली रीत लक्षणीय आहे. १९५५ साली राज्याच्या विधिमंडळाने सक्तीच्या शालेय उपस्थितीचा कायदाच रद्द केला. एडिस्टो बीच येथील सरकारी उद्यान कृष्णवर्णीयांना खुले करण्याची मागणी न्यायालयात गेल्यावर १९५६ साली ते उद्यान सर्वांसाठीच बंद करण्यात आले. सामायिक करण्यापेक्षा सोडून देणे पत्करावे, असे हे धोरण होते. चार्ल्सटनच्या बेसबॉल मैदानावर १९५५ च्या उन्हाळ्यात जे घडले, ते याच धोरणाचे बालक्रीडेतील रूप होते.

४. कॅनन स्ट्रीटचा संघ

चार्ल्सटनमधील कॅनन स्ट्रीट वायएमसीए ही कृष्णवर्णीय समाजाची संस्था होती. तिचे अध्यक्ष रॉबर्ट मॉरिसन यांच्या पुढाकाराने कृष्णवर्णीय मुलांच्या लीगला लिटल लीगची अधिकृत सनद मिळाली. चार संघांची ही लीग हार्मन फील्ड या मैदानावर खेळत असे. १९५५ च्या हंगामाअखेरीस तिच्यातील निवडक मुलांचा संघ तयार झाला आणि नियमाप्रमाणे शहर स्पर्धेसाठी त्याची नोंदणी करण्यात आली.

येथपर्यंत कोणताही नियमभंग झालेला नव्हता. संघाकडे सनद होती, मुलांचे वय नियमात बसत होते, प्रवेशिका वेळेत दाखल झाली होती. मात्र शहरातील श्वेतवर्णीय संघांनी स्पर्धेतून माघार घेतली. प्रतिस्पर्धी मैदानात न आल्यामुळे कॅनन स्ट्रीटचा संघ न खेळताच विजयी ठरून राज्य स्पर्धेस पात्र झाला.

त्यानंतर राज्य संचालक डॅनी जोन्स यांनी श्वेतवर्णीय संघांची राज्य स्पर्धा वेगळी घेण्याची अनुमती मध्यवर्ती संस्थेकडे मागितली. संस्थेचे अध्यक्ष पीटर मॅकगव्हर्न यांनी ती नाकारली. वर्णाच्या कारणावरून खेळण्यास नकार देणाऱ्या लीगला संघटनेत स्थान राहणार नाही, असे त्यांनी बजावले. यावर जोन्स यांनी राजीनामा दिला आणि राज्यातील श्वेतवर्णीय लीगांना संघटनेबाहेर पडण्याचे आवाहन केले. सुमारे ६० लीग बाहेर पडल्या. कॅनन स्ट्रीटचा संघ एकही चेंडू न खेळता राज्यविजेता ठरला.

पुढील टप्पा जॉर्जिया राज्यातील रोम येथील विभागीय स्पर्धेचा होता. मात्र त्या स्पर्धेत केवळ प्रत्यक्ष खेळून विजयी झालेल्या संघासच प्रवेश मिळू शकतो, या नियमाच्या आधारे कॅनन स्ट्रीटचा संघ अपात्र ठरविण्यात आला. भरपाई म्हणून मध्यवर्ती संस्थेने या मुलांना विल्यम्सपोर्ट येथील अंतिम स्पर्धेस पाहुणे म्हणून निमंत्रित केले. मुले बसने तेथे गेली. खेळाडूंनी नंतर सांगितलेल्या आठवणींनुसार, मैदानावर त्यांची ओळख करून देण्यात आली तेव्हा प्रेक्षकांतून ‘त्यांना खेळू द्या’ अशा घोषणा उठल्या. तथापि निर्णय बदलला नाही. पेन्सिल्वेनियातील मॉरिसव्हिल संघाने त्या वर्षीचे अजिंक्यपद मिळविले. कॅनन स्ट्रीटची मुले प्रेक्षकांत बसून राहिली.

त्याच ऑगस्ट महिन्याच्या २८ तारखेस मिसिसिपी राज्यात एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाची हत्या झाली. या दोन घटनांचा परस्परांशी थेट संबंध नाही. परंतु वर्णभेदाच्या व्यवस्थेने मुलांचे वयही विचारात घेतले नाही, हे त्या महिन्याने दोन अतिशय भिन्न रीतींनी दाखवून दिले.

५. नियमाचे सामर्थ्य आणि मर्यादा

या घटनेत मध्यवर्ती संस्थेचे वर्तन दुहेरी दिसते. वेगळ्या स्पर्धेची मागणी नाकारताना तिने आपल्या सुमारे ६० लीग गमावण्याचा धोका पत्करला. १९५५ च्या दक्षिणेत शासनसंस्थाही जे करण्यास कचरत होत्या, ते एका क्रीडासंघटनेने केले. हे श्रेय तिला देणे न्याय्य ठरेल. परंतु त्याच संघटनेने पुढच्या टप्प्यावर दुसरा नियम काटेकोरपणे लागू करून त्याच मुलांना बाहेर ठेवले.

न खेळता मिळालेल्या विजयावर विभागीय स्पर्धेत जाता येऊ नये, या नियमामागील हेतू समजण्याजोगा आहे. स्पर्धेत पुढे जाणाऱ्या संघाने आपले कौशल्य सिद्ध करावे, अशी ती अपेक्षा आहे. मात्र हा नियम एक प्रश्न विचारत नाही : सामना कोणामुळे झाला नाही? मैदानात येण्यास तयार असलेला संघ आणि येण्यास नकार देणारा संघ यांच्यातील फरक त्यात नोंदला जात नाही. परिणामी प्रतिपक्षाच्या बहिष्काराचे रूपांतर बहिष्कृतांच्याच अपात्रतेत झाले. माघार घेणाऱ्या संघांना कॅनन स्ट्रीटचा पराभव करता आला नव्हता, पण नियमाच्या साहाय्याने त्यांना तो संघ थांबविता आला.

याविरुद्ध असाही युक्तिवाद संभवतो, की ज्या काटेकोरपणामुळे दक्षिणेतील लीगांना सवलत नाकारली गेली, त्याच काटेकोरपणाने या संघालाही अपवाद करता येत नव्हता. हा युक्तिवाद सहज फेटाळण्यासारखा नाही, कारण नियमांची सर्वांना समान अंमलबजावणी हाच संस्थेचा मुख्य आधार होता. परंतु दोन नियमांचे प्रयोजन भिन्न होते. पहिला नियम सहभागाच्या हक्काचे रक्षण करीत होता, तर दुसरा स्पर्धेच्या सोयीसाठी होता. सोयीच्या नियमाने हक्काच्या नियमाचे फळ हिरावून घेतले, तर अंमलबजावणी समान असूनही तिचा परिणाम विषम होतो.

यात काळाचाही प्रश्न गुंतलेला आहे. ३१ मे १९५५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ब्राऊन खटल्यातील दुसऱ्या निकालात शाळांमधील पृथक्करण ‘विचारपूर्वक त्वरेने’ संपविण्यास सांगितले आणि निश्चित कालमर्यादा घातली नाही. क्रमाक्रमाने होणाऱ्या बदलाची भाषा प्रौढांच्या राजकारणात व्यवहार्य वाटू शकते. बारा वर्षांच्या खेळाडूच्या दृष्टीने मात्र तिला अर्थ उरत नाही. पुढील वर्षी तो वयोमर्यादेबाहेर गेलेला असतो. त्याला नाकारलेली संधी पुढे ढकलली जात नाही, ती कायमची संपते. बालकांच्या हक्कांबाबत विलंब हाच नकार ठरतो, हे या उदाहरणातून विशेषत्वाने स्पष्ट होते.

६. फ्लोरिडातील सामना

याच उन्हाळ्यात फ्लोरिडा राज्यातील पेन्साकोला येथील जेसीज हा कृष्णवर्णीय बालसंघही लिटल लीगच्या स्पर्धेत उतरला होता. त्यांच्या परिसरातील श्वेतवर्णीय संघांनी खेळण्यास नकार दिल्यामुळे हा संघही न खेळता पुढे सरकला आणि ऑर्लँडो येथील राज्य स्पर्धेस पोहोचला. तेथे त्याची गाठ ऑर्लँडो किवानिस या श्वेतवर्णीय संघाशी पडणार होती. खेळावे की नाही, याविषयी ऑर्लँडोच्या मुलांचे मत घेण्यात आले आणि मुलांनी खेळण्याच्या बाजूने कौल दिला. ९ ऑगस्ट १९५५ रोजी सामना झाला. ऑर्लँडोने तो ५–० असा जिंकला. दक्षिणेतील लिटल लीगमध्ये कृष्णवर्णीय आणि श्वेतवर्णीय संघांची ही पहिली लढत मानली जाते. तिच्यावरील ‘लाँग टाइम कमिंग’ हा माहितीपट २०१८ साली प्रदर्शित झाला.

दोन्ही राज्यांत मध्यवर्ती नियम एकच होता. दोन्हीकडील कृष्णवर्णीय संघांकडे सारखीच सनद होती. फरक होता तो समोरच्या संघाच्या निर्णयात. पेन्साकोलाचा संघ हरला, परंतु त्याला हरण्याची संधी मिळाली. कॅनन स्ट्रीटचा संघ राज्यविजेता ठरला, परंतु आपण जिंकलो असतो की हरलो असतो, हे त्या मुलांना कधीच कळू शकले नाही. क्रीडेच्या दृष्टीने प्रत्यक्ष पराभव हा कागदी विजयापेक्षा अधिक मोलाचा असतो, हे या तुलनेवरून ध्यानात येते.

७. माघारीतून उभी राहिलेली समांतर संघटना

लिटल लीगमधून बाहेर पडलेल्या साऊथ कॅरोलायनातील लीगांनी स्वतंत्र संघटना स्थापन केली. तिला पुढे ‘डिक्सी यूथ बेसबॉल’ हे नाव मिळाले आणि ती दक्षिणेतील अनेक राज्यांत पसरली. केवळ श्वेतवर्णीय मुलांसाठी असलेल्या या संघटनेने यादवी युद्धातील दक्षिणेच्या बाजूचे प्रतीक असलेला कॉन्फेडरेट ध्वज आपल्या चिन्हात वापरला. वर्णाचे बंधन १९६० च्या दशकात हटविण्यात आले. ध्वजाचे चिन्ह मात्र त्यानंतरही दीर्घकाळ टिकून राहिले.

या चिन्हामुळेच चार्ल्सटनची विस्मृत घटना पुन्हा प्रकाशात आली, ही बाब उल्लेखनीय आहे. १९९० च्या दशकात गस होल्ट या कृष्णवर्णीय पालकास आपल्या मुलाच्या बेसबॉल गणवेशावर कॉन्फेडरेट ध्वज आढळला. त्याचा उगम शोधताना ते कॅनन स्ट्रीटच्या संघापर्यंत पोहोचले. त्यांच्या पाठपुराव्यामुळे जुने खेळाडू एकत्र आले. २००२ साली लिटल लीगने या खेळाडूंना पुन्हा विल्यम्सपोर्ट येथे बोलावून १९५५ च्या राज्यविजेतेपदाचा ध्वजफलक दिला. तेव्हा ते साठीच्या उंबरठ्यावर होते. ख्रिस लॅम्ब यांचा या घटनेवरील ‘स्टोलन ड्रीम्स’ हा ग्रंथ २०२२ साली प्रसिद्ध झाला.

८. सामना आणि सहवास

संघटनेत प्रवेश ही एकीकरणाची पहिली पायरी आणि परस्परांविरुद्ध सामना ही दुसरी. तिसरी पायरी म्हणजे भिन्न समूहांतील मुलांनी एकाच संघातून खेळणे. या पायरीचे महत्त्व समजून घेण्यासाठी मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांचे विवेचन उपयुक्त ठरते. १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द नेचर ऑफ प्रेज्युडिस’ या ग्रंथात त्यांनी असे मांडले, की दोन समूहांतील संपर्कामुळे पूर्वग्रह आपोआप कमी होत नाहीत. त्यासाठी समान दर्जा, सामायिक उद्दिष्ट, परस्परसहकार्य आणि अधिकारी संस्थेचा पाठिंबा या अटी अनुकूल ठरतात. परस्परविरोधी संघांत समान दर्जा असू शकतो, पण उद्दिष्ट सामायिक नसते. या चारही अटी एकत्र येण्याची शक्यता एकाच संघात अधिक असते.

भारतातील एका प्रयोगाने या विवेचनास पुष्टी दिली आहे. अर्थशास्त्रज्ञ मॅट लो यांनी उत्तर प्रदेशात विविध जातींतील तरुणांच्या क्रिकेट लीग भरवून त्यांचा अभ्यास केला. तो २०२१ साली प्रसिद्ध झाला. मिश्र संघातून एकत्र खेळलेल्या तरुणांमध्ये जातीबाहेरील मैत्री वाढल्याचे त्यात दिसून आले. विरोधी संघांत समोरासमोर आल्याने मात्र तसा लाभ झाला नाही, उलट काही बाबतींत अंतर वाढले. एकत्र खेळणे आणि एकमेकांविरुद्ध खेळणे यांचे परिणाम भिन्न असतात, हा त्याचा मथितार्थ आहे.

लिटल लीगमधील भौगोलिक हद्दीचा नियम येथे पुन्हा महत्त्वाचा ठरतो. वस्ती एकजिनसी असेल, तर नियमात कोठेही वर्णाचा उल्लेख नसतानाही संघ एकजिनसीच राहतो. निवासाचे पृथक्करण अशा प्रकारे क्रीडेच्या पृथक्करणात उतरते. अलीकडच्या काळात त्यात खर्चाची भर पडली आहे. खासगी प्रशिक्षण आणि गावोगाव प्रवास करणारे सशुल्क संघ यांमुळे अमेरिकेतील बालबेसबॉल महाग झाला आहे. व्यावसायिक मेजर लीगमध्ये कृष्णवर्णीय अमेरिकी खेळाडूंचे प्रमाण १९८० च्या दशकाच्या आरंभी सुमारे १८ टक्के होते, ते २०२० च्या दशकात सुमारे ६ टक्क्यांवर आले. २०२२ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये दोन्ही संघांच्या यादीत अमेरिकेत जन्मलेला एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. १९५० नंतर असे प्रथमच घडले. या घसरणीची कारणे अनेक आहेत. तरीही औपचारिक बंदी उठल्यानंतर प्रवेशाचा प्रश्न संपत नाही, इतके त्यावरून निश्चित म्हणता येते.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

(१) भेदभावास मनाई करणारा नियम आवश्यक आहे. १९५५ साली मध्यवर्ती संस्थेने वेगळी स्पर्धा मान्य केली असती, तर फ्लोरिडातील सामनाही शक्य झाला नसता.

(२) स्वयंसेवी संस्थेत बहुसंख्याकांना बाहेर पडण्याचा मार्ग नेहमीच खुला असतो. त्यामुळे बहिष्कार हे प्रवेशबंदीइतकेच परिणामकारक शस्त्र ठरते. अशा बहिष्काराचा तोटा बहिष्कृतांवर पडणार नाही, अशी तरतूद नियमावलीत आधीच असणे आवश्यक आहे.

(३) समावेशक धोरणाचे मूल्यमापन केवळ किती जणांना प्रवेश मिळाला, यावरून करणे अपुरे आहे. प्रत्यक्ष सामने किती झाले आणि एकाच संघात किती मुले एकत्र खेळली, हेही पाहिले पाहिजे.

(४) मुलांच्या बाबतीत न्याय वेळेत मिळणे हा न्यायाचाच भाग होय. २००२ साली मिळालेल्या ध्वजफलकाने कॅनन स्ट्रीटच्या संघाचा मान परत मिळाला. १९५५ च्या उन्हाळ्यातील सामने मात्र खेळावयाचे राहिले, ते राहिलेच.

क्रीडांगणावर सर्व समान असतात, असे सहज म्हटले जाते. चार्ल्सटनच्या घटनेने या विधानास एक अट जोडली आहे. ती समानता प्रत्यक्षात येण्यासाठी समोरचा संघ आधी मैदानात उतरावा लागतो.